बक्षीस मिळालेलं रडू

॥ श्री ॥

संग्रामपूर,
ता. २६ नोव्हेंबर १९६१

ती. सौ. अक्कास,
लक्ष्मीकांताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला याचं कारण लिहावं म्हणून बसलो, तर कारण सापडेना. आजारी नव्हतो. शाळेत कामाचा ढीगही नव्हता. दौत होती, टाक होता आणि त्यांच्यापुढे मांडी घालून तुझा भाऊ होता. तिघांपैकी एकानेही काही केलं नाही.

इकडे सर्व खुशाल. बेबी पहिलीत गेली आहे आणि मास्तरांची पोरगी म्हणून वर्गात रुबाब करते. सौ. प्रेमलाची तब्येत चांगली आहे. आमच्या घरमालकीण मनकर्णाबाई यांची शेती गावाबाहेर लांबवर पसरलेली आहे, आणि त्यांचा आवाज तिच्या शेवटच्या धुऱ्यापर्यंत जातो. त्यांनी परवा टोपलीभर वांगी पाठवली. प्रेमलाने भरीत केलं, वर कच्चं तेल, सोबत कळण्याची भाकर. तुला ठाऊक आहे, भरतासाठी मी लहानपणी तुझ्या ताटातही हात घालत असे. या खेपेला खाल्लं, आणि टीपकागद ओला करून खाल्ल्यासारखं वाटलं. छान झालंय असं म्हणालो. प्रेमलाने माझ्याकडे पाहिलं आणि तेलाची वाटी उचलून ठेवली.

अक्का, मला काय झालंय ते सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला काहीही झालेलं नाही. तेच झालंय. परवा शालिग्राम पाटलांचा बैल गेला तर सारा गाव त्यांना भेटायला गेला. माझं काय गेलं म्हणून सांगू? आतलं सगळं कोणी झाडून नेलंय आणि मला चोराचा तपास करण्याचीही हौस राहिलेली नाही, असं सांगितलं तर लोक म्हणतील, मास्तरांनी नवं सोंग काढलं. वर्गात कविता शिकवतो. पोरं माझ्यामागून म्हणतात. मधेच असं वाटतं, की मी खिडकीबाहेर उभा आहे आणि आत कोणी दुसराच मास्तर हातवारे करतोय. बरा शिकवतो तो. पण माझी त्याची ओळख नाही.

आणि आता स्नेहसंमेलन आलं. दरसालप्रमाणे फार्स मीच लिहायचा आणि मुख्य काम मीच करायचं. मुख्याध्यापक वामनराव भेटतील तिथे पोट धरून आगाऊ हसून घेतात. गावात मला कोणी गंभीर तोंडाने भेटतच नाही. काल वाण्याकडे नुसतं मीठ मागितलं तर तो हसला.

डॉक्टरांनी लाल रंगाचं टॉनिक दिलं आहे. बाटली देखणी आहे.

रमाकांतरावांस नमस्कार. आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
लक्ष्मीकांत


बुलढाणा,
ता. ३ डिसेंबर १९६१

चि. लक्ष्मीकांत यास,
शरयूचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. ह्यांना वाचून दाखवलं. भरताच्या टीपकागदावर हे इतके हसले, की कलेक्टर कचेरीत जायला उशीर झाला. तुझी लेखणी शाबूत आहे, मग बाकीचं काय बिघडणार आहे?

मला विचारशील तर हे सगळं पोटाचं आहे. तू लहानपणापासून मंद कोठ्याचा. पहाटे उठून एरंडेल घे, वर सुंठीचं गरम पाणी. चार दिवस वरण-भात खा. आणि त्या टॉनिकची बाटली देखणी आहे म्हणून नुसती पाहत बसू नकोस. चौथीत असताना आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून तू कोठीत जाऊन बसला होतास, आणि सारं घर शोधत असताना आत बसून गूळ संपवला होतास. मोठा झालास, मास्तर झालास, पण कोठीत बसायची खोड गेली नाही तुझी.

इकडे थंडी कडक आहे. थोरली जबलपूरला सासरी रमली आहे. तिची पत्रं आता छोटी येतात, म्हणजे सुखात असावी. बाळ नागपूरला कॉलेजात आहे आणि त्याची पत्रं येतच नाहीत, म्हणजे तोही सुखात असावा. घरात आम्ही दोघंच. कामाला तोटा नाही. दुपारी मात्र घड्याळ फार मोठ्याने वाजतं.

फार्स लिही. तो लिहिला की आपोआप हुशारी येईल. सौ. प्रेमला व बेबी यांना आशीर्वाद. अक्काची माया आहेच, ती तू मागावीस असं नाही.

तुझी,
अक्का


संग्रामपूर,
ता. १७ डिसेंबर १९६१

ती. सौ. वन्संना,
सौ. प्रेमलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मी तुम्हांला कधी निराळं पत्र लिहीत नाही. ह्यांच्याच पत्राखाली दोन ओळी घालते. हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. त्याबद्दल रागावू नये.

ह्यांनी तुम्हांला जे पत्र पाठवलं ते मला आधी वाचून दाखवलं होतं. वाचताना हे छान वाचतात. मीही हसले. पण वन्सं, पत्र घडी करून पाकिटात घातलं आणि दिवा काढून नेल्यावर खोली होते तसा ह्यांचा चेहरा झाला.

बाहेर कोणी भेटलं की हे बोलतात, हसवतात. घरात आले की ओट्यावर बसतात. एका पायातली चप्पल काढतात आणि दुसरी काढायची राहून जाते. मी जेवायला हाक मारली की उठतात, तशीच एक चप्पल घालून. बेबीला आधी गंमत वाटली. आता ती स्वतःच जाऊन काढते आणि मला येऊन सांगते, की काढली. दाढी चार-चार दिवस होत नाही. सकाळी जाग आली तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. एरंडेल घेतलं. त्याने गळाठले, बाकी काही झालं नाही.

परवा संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. हे आले आणि सहज म्हणाले, की मी नसलो तर वामनरावांना फार्ससाठी दुसरा माणूस शोधावा लागेल, एवढीच गावाची गैरसोय. असं म्हणून हसले. मला त्या हसण्याची भीती वाटली. रडले असते तर मी जवळ गेले असते. हसल्यावर काय करावं ते मला समजेना. मी तांदूळच निवडत राहिले.

तुमच्याखेरीज कोणाला लिहू? माझ्या माहेरी लिहिलं तर म्हणतील, जावयाला बाहेरची बाधा झाली.

मी लिहिल्याचं ह्यांना कळू देऊ नये. लहानीवर कृपा राहू द्यावी.

आपली,
सौ. प्रेमला


बुलढाणा,
ता. २१ डिसेंबर १९६१

चि. लक्ष्मीकांत यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

मला कोणी काही कळवलेलं नाही हे आधीच लिहिते. म्हणजे तुला समजेलच की कळवलं आहे. कळवणाऱ्या माणसाला एक शब्द बोललास तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

मागच्या पत्रात मी चेष्टा केली. तू गंमत करून लिहितोस आणि मग वाचणाऱ्यालाही तसंच उत्तर द्यावं लागतं. आता मी एक विचारते, त्याचं उत्तर तू गमतीने द्यायचं नाही. तुला जीव नकोसा वाटतो का? तसा विचार मनात येऊन गेला आहे का? हो किंवा नाही, एवढंच कार्डावर लिहून पाठव. शब्द छान नसला तरी चालेल.

फार्स होत नसेल तर करू नकोस. वामनराव हसायचे थांबले म्हणून शाळा बंद पडत नाही.

हे पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं नाही.

तुझी,
अक्का


संग्रामपूर,
ता. ९ जानेवारी १९६२

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुला कार्ड हवं होतं. मी आणून समोर ठेवलं होतं. कोरं कार्ड फार मोठं असतं, अक्का. उत्तर या पत्रात देतो, पण जे घडलं ते आधी सांगू दे. त्याच्याशिवाय उत्तराला तोंड फुटणार नाही.

संमेलन झालं. फार्स मी लिहिला नाही. तीन वर्षांच्या जुन्या फार्सांतून उसवून एक गोधडी शिवली आणि तिला 'दाढ' असं नाव दिलं. मी एक मालदार, चिक्कू पाटील. दाढ ठणकते आहे, गालाला फडकं बांधलेलं आहे, आणि त्याच दिवशी मुलीला पाहायला पाहुणे आलेले. मंडपात ही गर्दी, पुढे सतरंजीवर बाया, मागे माणसं. पहिला अर्धा तास मी म्हणजे खिडकीतला तो दुसरा मास्तर. उत्तम काम चाललं होतं त्याचं.

मग तो प्रसंग आला जिथे पाटलाने दाढेवर हात धरून खोटंखोटं रडायचं आणि लगेच ओरडायचं, की पाहुण्यांना चहात साखर कमी घाला. मी हात धरला, गळा काढला. आणि अक्का, ते थांबेना. खोट्याचं खरं कधी झालं ते मला कळलंच नाही. खालीच बसलो. फडकं सुटून तोंडावर आलं. हुंदका देतो आहे, श्वास घेतो आहे, पुन्हा देतो आहे. आणि सारा मंडप हसतो आहे! मी जितका रडलो तितके ते हसले. वामनराव खुर्चीत पुढे-मागे होत होते. विंगेत शाळेचा शिपाई दयाराम पुस्तक घेऊन उभा होता. त्याला वाटलं मी वाक्य विसरलो. तो मला एकसारखं सांगत राहिला, की साखर, गुरुजी, साखर. शेवटी त्यानेच पडदा पाडला. टाळ्या थांबेनात. मला पुन्हा बाहेर नेऊन उभं केलं आणि उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस दिलं. नक्षीचा पितळी पेला आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांसमोर अभिनय केला नाही, आणि त्याचं हे बक्षीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई सुपात तुरीच्या शेंगा घेऊन ओट्यावर आल्या. मला वाटलं आता याही हसणार. त्यांनी बसकण मारली आणि म्हणाल्या, की मास्तर, काल तुमी सोंग नव्हते करून राह्यले. तुमी खरंच रडून राह्यले होते. सारे काऊन हासून राह्यले ते मले समजलंच नाही.

मीही त्यांच्याच बोलीत हाव म्हणालो.

मग त्या शेंगा सोलता सोलता बोलत राहिल्या. एका साली पीक चांगलं आलं, लेकीचं लग्न झालं, घरात सारं काही होतं, आन् मले चुलीपाशी बसलं की उठावंसंच नाही वाटे, असं म्हणाल्या. भगत झाला, अंगारा झाला. सारे म्हणत, बाईले कशाची कमी आहे. मी विचारलं की मग बरं कसं झालं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मूर्ख आहे. म्हणाल्या, मले काय ठाऊक? एका दिवशी सुनेचा असा लय राग आला, तवा समजलं का आपुन वापस आलो. त्या हे इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की ते त्यांच्या सुनेनेही ऐकलं असणार.

त्या गेल्यावर मी आत गेलो आणि प्रेमलाला सगळं सांगितलं. आता तुझं उत्तर. हो. असा विचार आला होता, आणि एकदाच नाही. आज लिहिताना तो नाही. उद्याचं मला सांगता येत नाही. प्रेमलाने ऐकून घेतलं. माझ्यासाठी पाणी तापत ठेवलं. मग म्हणाली, की यापुढे असं काही वाटलं तर गावाला विनोद सांगण्याआधी मला सांगायचं. तिच्या आवाजात वामनरावांच्या वरचा मुख्याध्यापक होता.

या पत्रात गंमत आलीच. सवय आहे. पण ती हो या शब्दाच्या वर नाही, एवढं पाहून लिहिलं.

तुझा,
लक्ष्मीकांत


बुलढाणा,
ता. १३ जानेवारी १९६२

चि. लक्ष्मीकांत यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रडले, ते ह्यांनी पाहिलं, म्हणून पत्र ह्यांच्याही हाती दिलं. हे बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग उठून येथल्या सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याशी ह्यांची ओळख आहे. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, आळस नव्हे आणि बाधाही नव्हे. घेऊन या. तेव्हा संक्रांत झाली की रजा काढ आणि प्रेमलाला घेऊन ये. तोपर्यंत एकटा बसू नकोस. बसलास तर मनकर्णाबाईंच्या ओट्यावर बस.

आता माझं ऐक. बाळाच्या वेळी बाळंतीण झाले त्यानंतर वर्षभर मी अशीच होते. सगळ्यांनी बाळाचं कौतुक केलं आणि मी त्याच्याकडे शेजाऱ्याच्या मुलासारखी पाहत होते. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी कोणाला बोलले नाही. आईलाही नाही. आपोआप गेलं. आणि आता थोरली सासरी गेल्यापासून दुपारी खाटेवर बसते ती बसतेच. तुला एरंडेल लिहिलं ते उगाच नव्हे. मी स्वतः घेऊन पाहिलं आहे. पोट साफ होतं, बाकी काही होत नाही. हे मला ठाऊक असून तुला लिहिलं.

माझी काळजी करू नकोस. मी बरी आहे. तू ये.

तिळगूळ पाठवते. तोंड गोड लागलं नाही तरी खा.

तुझी,
अक्का


संग्रामपूर,
ता. १८ फेब्रुवारी १९६२

ती. सौ. वन्संना,
सौ. प्रेमलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

बुलढाण्याहून आल्यावर ह्यांनी पोचल्याचं कार्ड टाकलं, पण सविस्तर मी लिहिते. आता चोरून लिहावं लागत नाही. हे समोरच बसले आहेत आणि माझ्या शुद्धलेखनावर डोळा ठेवून आहेत.

डॉक्टरांच्या गोळ्या नियमाने चालू आहेत. झोप लागते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून हे शाळा सुटल्यावर मनकर्णाबाईंच्या शेतापर्यंत जातात. मधे त्यांनी हुरड्याला सगळ्यांना बोलावलं होतं. हे गेले, पण बांधावर एका बाजूला बसून राहिले. कोणीतरी मास्तरांनी काही सांगावं म्हणून आग्रह केला. तेव्हा हे म्हणाले, की आज नाही, आज मन बरं नाही. वन्सं, ह्यांनी असं चारचौघांत म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. लोक गरम कणसं ह्यांच्यापुढे सरकवून आपापलं बोलू लागले.

सगळे दिवस सारखे नाहीत. गेल्या सोमवारी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पण आज तसं आहे हे त्यांनीच मला सांगितलं. मी शेजारी बसून बेबीचा फ्रॉक शिवला. मला तशी भीती वाटली नाही.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. काल जेवताना ह्यांनी पहिला घास घेतला आणि ताट पुढे ढकललं. म्हणाले, वरणात मीठ घालायचं असतं हे घरात कोणाला ठाऊक आहे की नाही? चांगले रागावले. मी ऐकून घेतलं आणि आत जाऊन पदर तोंडात धरून रडले. ह्यांना वाटलं मी दुखावले, म्हणून मागोमाग येऊन माफी मागू लागले. मी म्हटलं, माफी नको, वरण खरंच अळणी झालंय, आणि ते तुम्हांला कळलं. मग हे चुलीपाशी पाटावर बसले. बेबी आली आणि तिनेही सांगितलं, की अळणी आहे.

तुमच्याकडे असताना मी पाहिलं. तुम्ही आम्हांला वाढून स्वतः दोन घास खाऊन उठत होता. मी लहान, म्हणून बोलले नाही. आता बोलते.

आपली,
सौ. प्रेमला


संग्रामपूर,
ता. ४ मार्च १९६२

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुला इथे राहायला ये म्हणून लिहिलं, त्याला तुझं उत्तर आलं. पापड व्हायचे आहेत. रमाकांतरावांना बाहेरचं जेवण सोसत नाही. मांजर व्यायची आहे. अक्का, मी या धंद्यात मुरलेला आहे. न उठण्याची कारणं देण्यात मला कोणी हरवणार नाही. मांजरीचं कारण मात्र मलाही सुचलं नसतं.

रमाकांतरावांना मी निराळं लिहिलं होतं. ते लिहितात, की न्या, मला पिठलं येतं आणि मांजरीला बाळंतपण येतं. दुपारी तू खाटेवर बसलेली असतेस हे त्यांनी पाहिलं आहे. एकदा मधेच कचेरीतून कागद न्यायला घरी आले होते. तुला ते आल्याचं कळलंही नाही. दारातूनच परत गेले. हे त्यांनी मला लिहिलं आहे, मी तुला लिहितो आहे.

मी पुरता बरा झालो असं समजू नकोस. परवा वर्गात तो दुसरा मास्तर पुन्हा आला होता. पण मी त्याला दारापर्यंत पोचवून आलो. इथे तुला हसवणारं कोणी नाही, मी बिनपगारी रजेवर आहे. मनकर्णाबाई बोलतील, ते तू ऐकायचं. नाही ऐकलंस तरी त्या बोलतील. प्रेमलाला तू हवी आहेस. आणि जाता-येता डॉक्टरांनाही भेटायचं, माझ्यासाठी नव्हे.

शनिवारी सकाळच्या एस.टी.ने निघतो. दुपारी तुझ्या दाराशी. नाही म्हणालीस तर मी तिथेच, एक चप्पल घालून बसेन.

तुझा,
लक्ष्मीकांत


बुलढाणा,
ता. ७ मार्च १९६२

चि. लक्ष्मीकांत यास,
आशीर्वाद वि. वि.

मी बरी आहे, तू उगाच त्रास घेऊ नकोस, असं एक कार्ड लिहून फाडलं. दुसरंही फाडलं. हे तिसरं.

ये. मला घेऊन जा.

पण घरी येऊ नकोस. घरी आलास तर मी चहा ठेवीन, चहा झाला की स्वयंपाकाला लागेन, आणि मग म्हणेन, आता पुढच्या महिन्यात बघू. मी पिशवी घेऊन स्टँडवरच उभी राहते.

अक्का